उठता वाढणारा, निजता शमणारा : गर्भिणी व सूतिकेतील एक दुर्लक्षित शिरःशूल

शिरःशूलाची तक्रार घेऊन येणारी रुग्णा आपणापैकी कोणाच्या चिकित्सालयात येत नाही? पित्त वाढले, जागरण झाले, ऊन लागले, मलावष्टंभ झाला, अशी कारणे आपण दररोज ऐकतो आणि त्यांवर यथाशास्त्र उपाययोजनाही करतो. परंतु तीच रुग्णा गर्भिणी असेल किंवा नुकतीच प्रसूत झालेली असेल, तर एक प्रश्न विचारल्यावाचून औषधाची पुडी बांधू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. तो प्रश्न असा : "ताई, उठून बसल्यावर डोके वाढते का, आणि आडवे पडल्यावर थांबते का?"

या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आले, तर समोरचा शिरःशूल नेहमीच्या शिरःशूलांहून निराळा असण्याचा दाट संभव आहे. मस्तिष्क व मेरुरज्जू यांभोवतीच्या द्रवाचे प्रमाण घटल्यामुळे उत्पन्न होणारी ही वेदना होय. तिची ओळख पटली तर बहुतेक रुग्णा पूर्ण बऱ्या होतात. ओळख न पटता केवळ वेदनाशमन होत राहिले, तर क्वचित प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून प्रस्तुत लेखात या विकाराची कारणे, परीक्षण, आधुनिक चिकित्सा आणि त्यात आपली मर्यादा व आपले कार्य यांचा विचार केला आहे.

द्रव, आवरण आणि छिद्र

प्रौढ मनुष्याच्या मस्तिष्क व मेरुरज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर स्वच्छ द्रव असतो. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने निर्माण करते, म्हणजे हा साठा एका अहोरात्रात तीन-चार वेळा बदलला जातो. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच जाणवतो. हा द्रव ड्युरा नावाच्या चिवट आवरणात सर्व बाजूंनी बंदिस्त असतो.

या आवरणाला छिद्र पडले म्हणजे द्रव बाहेर झिरपू लागतो. रुग्णा आडवी असेपर्यंत फारसा त्रास होत नाही. ती उठून बसताच आधार कमी झालेला मेंदू किंचित खाली सरकतो आणि त्याला धरून ठेवणारी वेदनाक्षम आवरणे व वाहिन्या ताणल्या जातात. कवटीची पोकळी ठरावीक मापाची असल्याने द्रव घटला की त्याची जागा भरण्यासाठी आतील सिरा रक्ताने फुगतात, त्यानेही वेदना होते. हेच उठता वाढणाऱ्या व निजता शमणाऱ्या शूलाचे रहस्य होय.

या विकाराचे एक प्रसिद्ध वर्णन खुद्द एका शल्यविशारदाने स्वतःच्या देहावरून लिहून ठेवले आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली मेरुद्रवात कोकेन सोडून अधोभाग बधिर करण्याचा प्रयोग प्रथम यशस्वी केला. त्याच महिन्यात त्यांनी हा प्रयोग आपल्या सहकाऱ्याकरवी स्वतःवर करवून घेतला. त्या प्रयत्नात बराच मेरुद्रव वाहून गेला. पुढे त्यांना जो शिरःशूल जडला तो उभे राहिले की उसळे व आडवे पडले की नाहीसा होई. नऊ दिवस अंथरुणात काढल्यावर ते बरे झाले. द्रव निसटल्यामुळेच हे घडले, हे त्यांनी तेव्हाच ताडले होते.

दोन वाटा, एकच परिणाम

आपल्याकडे हा विकार बहुतांशी सूतिकावस्थेत भेटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून अधिक, सुमारे एक चतुर्थांश आहे. सिझेरियन शस्त्रक्रिया बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन केली जाते. त्या सुईने आवरणास सूक्ष्म छिद्र पडणे अटळ असते. १९५१ साली हार्ट व व्हिटाक्र यांनी पेन्सिलीच्या टोकासारख्या अग्राची सुई प्रचारात आणल्यापासून आवरणाचे तंतू कापले न जाता बाजूला सारले जाऊ लागले आणि उपद्रव पुष्कळ घटला. अशा बारीक सुईने शंभरात एखादीलाच हा त्रास होतो. याउलट, वेदनारहित प्रसूतीसाठी एपिड्युरल देताना जाड सुई चुकून आवरणापार गेली, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना शिरःशूल होतो. हा शूल बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत व जवळजवळ नेहमी पाच दिवसांच्या आत सुरू होतो, म्हणजे पुष्कळदा रुग्णा घरी परतल्यानंतर. रुग्णालयातून तिच्यासोबत आलेले कागद आपण मागून पाहिले पाहिजेत, ते याचसाठी.

दुसरी वाट अधिक दुर्मीळ आणि म्हणूनच अधिक फसवी आहे. कोणतीही सुई न टोचता मणक्यांच्या पातळीवर आवरण आपोआप फाटते व द्रव झिरपतो. जर्मन चिकित्सक गेओर्ग शाल्टनब्रँड यांनी १९३८ साली या अवस्थेकडे लक्ष वेधले. वर्षाला लाखात सुमारे पाच व्यक्तींना हा विकार होतो, असा अंदाज आहे. स्त्रियांत तो अधिक आढळतो. मणक्याचे अणकुचीदार हाड आवरणात रुतणे, नाडीमूळापाशी आवरणाची पातळ पिशवी फुटणे आणि मेरुद्रव थेट लगतच्या सिरेत वाहू लागणे, ही त्याची तीन मुख्य कारणे होत. यांतील तिसरे कारण तर २०१४ साली प्रथम वर्णिले गेले. सांधे अतिशय लवचिक असणाऱ्या, जन्मतः दुर्बल संयोजी ऊतक असणाऱ्या व्यक्तींत ही प्रवृत्ती दिसते. गर्भावस्थेतही हा विकार झाल्याचे वृत्तांत वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्यांतील काहींत आधी तीव्र उलट्यांचा त्रास होता, काहींत प्रसूतीच्या वेळचे जोर देणे निमित्त झाले. समाधानाची गोष्ट अशी की, अशा माता व त्यांची बालके यांची परिणती बहुधा चांगली झालेली आहे.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

या विकारात आपल्या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षेचे महत्त्व सर्वाधिक. शूल कधी सुरू झाला? कमरेत सुई टोचली होती काय? बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर किती वेळात वाढतो व निजल्यावर किती वेळात उतरतो? पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन्हींसाठी १५ मिनिटांची मर्यादा होती. आज ती इतकी काटेकोर मानीत नाहीत, तरी चिकित्सालयात रुग्णेस पाव तास सपाट निजवून पाहणे ही निर्धोक व उपयुक्त कसोटी आहे. गर्भाचे महिने भरत आले असल्यास तिला उताणी न ठेवता डाव्या कुशीवर निजवावे. अर्धावभेदकाची रुग्णाही अंधारात पडून राहू इच्छिते. पण नुसते आडवे झाल्याने तिची वेदना काही मिनिटांत ओसरत नाही.

शूल बहुधा मानेच्या मागे व डोक्याच्या पाठीमागे असतो, कधी कपाळावर. मान ताठरते, मळमळते, कान दडे बसल्यासारखे वाटतात, कानांत आवाज येतो, प्रकाश सहन होत नाही. डोळा वळविणाऱ्या नाडीवर ताण आल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात. एक सूचना महत्त्वाची : दुखणे कित्येक आठवडे टिकले की उठण्या-निजण्याशी असलेला त्याचा संबंध पुसट होत जातो. म्हणून "आता कसे आहे?" एवढ्यावर न थांबता "पहिल्या दिवसांत कसे होते?" हेही विचारावे.

याच वेषात येणारे घातक विकार

गर्भिणी-सूतिकेच्या प्रत्येक शिरःशूलात रक्तदाब मोजलाच पाहिजे. विसाव्या आठवड्यानंतर १४० / ९० किंवा त्याहून अधिक दाब आढळला, तर गर्भविषाक्ततेची शंका घेऊन तत्काळ प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवावे. डोळ्यांपुढे चमकणे, कौडीप्रदेशी दुखणे, चेहऱ्यावर सूज ही लक्षणे सोबत असल्यास क्षणाचाही विलंब नको. हा विकार प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, ही बाब अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

दुसरा वैरी म्हणजे मेंदूतील सिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे. सूतिकावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढलेली असते. हा शूल पुष्कळदा निजल्यावर वाढतो. परंतु द्रव झिरपल्यामुळे सिरा फुगून त्यांतही गुठळी होऊ शकते. म्हणून उठता वाढणारे डोके एकाएकी सतत दुखू लागले, तर "जुनेच दुखणे आहे" असे म्हणून रुग्णेस परत पाठवू नये. मेंदू खाली ओढला गेल्याने त्याच्या पृष्ठावरील सिरा तुटून रक्त साचण्याचाही धोका असतो. तेव्हाही शूलाचा हा पालट हीच पहिली सूचना असते. झटका, तंद्रा, बोलण्यात अडखळणे, हातापायांतील दौर्बल्य, ज्वरासह मान ताठणे, किंवा आयुष्यात कधी झाला नाही असा आकस्मिक तीव्र शूल, यांपैकी काहीही दिसले की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आधुनिक चिकित्सेचे स्वरूप

सुईच्या छिद्रामुळे झालेला शूल पुष्कळदा दोन आठवड्यांच्या आत आपोआप शमतो. विश्रांती, पुरेसे द्रवपान आणि पॅरासिटामॉल यांवर काही रुग्णा निभावून नेतात. कॅफीनने सिरा आकुंचित होऊन तात्पुरते बरे वाटते. मात्र गर्भिणीने दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. पुष्कळ पाणी प्यायल्याने छिद्र बुजत नाही, हेही रुग्णेच्या घरच्यांना सांगावे लागते. पाणी शोषास प्रतिबंध करते, एवढेच. अंथरुणाला खिळून राहणेही हितकर नाही, कारण सूतिकेच्या पायांच्या सिरांत गुठळी होण्याचे भय असते. वेदना असह्य झाली की निजावे, निजल्या निजल्या पायाचे घोटे हलवीत राहावे, बरे वाटले की उठावे, हाच मध्यममार्ग.

शूल तीव्र असेल, आईला बाळास पाजावयास बसणेही अशक्य होत असेल, तर रुग्णेचेच सुमारे १५ ते २० मिलिलिटर रक्त निर्जंतुक पद्धतीने काढून कमरेतील आवरणाच्या बाहेरील पोकळीत सोडतात. त्यामुळे आतील दाब त्वरित वाढतो व रक्त गोठून छिद्रावर ठिगळासारखे बसते. १९६० साली जेम्स गॉर्मली या अमेरिकी शल्यचिकित्सकाने हा उपाय प्रथम योजला. टोचताना रक्त आलेल्या रुग्णांना शिरःशूल कमी होतो, या साध्या निरीक्षणातून त्यांना तो सुचला होता. बहुतेकींना या उपायाने मोठा आराम पडतो. काहींना तो दुसऱ्यांदा करावा लागतो. ज्वर, जंतुसंसर्ग किंवा रक्त न गोठण्याचा दोष असल्यास तो करीत नाहीत. हे काम भूलतज्ज्ञाचे असून सुसज्ज रुग्णालयातच व्हावयाचे आहे.

आपोआप झालेल्या गळतीत एमआरआय तपासणीने मेंदू खाली सरकल्याची चिन्हे दिसतात. आवरण उजळून दाखविणारे गॅडोलिनियम हे औषध गर्भावस्थेत टाळतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने छिद्राचे नेमके स्थान शोधण्याची तपासणीही शक्यतो प्रसूतीनंतर करतात. गर्भिणीतही विश्रांतीने भागले नाही तर रक्ताचे ठिगळ लावता येते. प्रसूती कोणत्या मार्गाने व्हावी याचा निर्णय प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञ मिळून घेतात. म्हणून या विकाराची माहिती प्रसूतीपूर्वीच त्या दोघांच्या कानावर घालणे अत्यावश्यक आहे.

शास्त्रदृष्ट्या विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पाच, तर सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वर्णिले आहेत. त्यांपैकी कोणत्या तरी एकाशी या विकाराचे नाव जुळविण्याचा मोह होतो. कोणी यास वातज शिरःशूल म्हणेल, कोणी तर्पक कफाचा क्षय म्हणेल. तर्पक कफाची कल्पना विचारास दिशा देते, हे खरे. परंतु कफक्षय मानून बृंहणाची औषधे देत राहिल्यास छिद्र उघडेच राहते. येथे त्रिशोथीय अध्यायातील उपदेश अधिक मार्गदर्शक आहे. प्रत्येक विकारास नाव असतेच असे नाही. नाव माहीत नाही म्हणून वैद्याने लाजू नये. दोषाचा स्वभाव, त्याचे अधिष्ठान आणि उत्पत्तीचा हेतू जाणून मग कर्मास प्रवृत्त व्हावे, असा त्याचा आशय आहे. या विकाराचा हेतू छिद्र आहे. निदानपरिवर्जन म्हणजे ते छिद्र बुजणे. तो अधिकार ज्याचा आहे त्याच्याकडे रुग्णा सोपविणे हे आपल्या परंपरेच्या विरुद्ध नाही. पक्व गुल्मात शल्यतंत्र जाणणाऱ्यांचा अधिकार आहे, असे कायचिकित्सेच्या आचार्यांनीच निःसंकोचपणे सांगून ठेवले आहे.

काय करू नये, याविषयीही ग्रंथ स्पष्ट आहेत. शिरोरोग म्हटला की आपला हात नस्याच्या तेलाकडे जातो. परंतु चरकाचार्यांनी गर्भिणीस शिरोविरेचन निषिद्ध मानून त्यापासून गर्भास विकृती येण्याचे भय सांगितले आहे, आणि वाग्भटाचार्यांनी नस्यास अयोग्य असलेल्यांत सूतिकेचा समावेश केला आहे. शिंका व कफनिष्कासनाने शिरात ताण वाढतो, हे आजच्या ज्ञानाशीही जुळते. तीक्ष्ण विरेचनही नको. मान मोडणे, झटके देऊन मणके "बसविणे", सुई टोचलेल्या जागी जोराने मर्दन करणे, हे सर्व कटाक्षाने टाळावे. आपल्याकडे बाळंतिणीचे डोके दुखले की "वारा लागला" असे म्हणून कानांत कापूस, डोक्यास घट्ट फडके आणि मालीशवालीकडून डोके-मान चोळणे असा क्रम सुरू होतो. फडक्याने अपाय नाही. पण त्या समजुतीपायी जे चार दिवस वाया जातात, त्यांत अपाय आहे.

मग आपले कार्य काय? ते पुष्कळ आहे. छिद्र भरून येईपर्यंत शरीरावर ताण पडू न देणे, हे पथ्य आधुनिक तज्ज्ञही सांगतात. वाकणे, जड उचलणे, कुंथणे, खोकणे यांपासून रुग्णेस जपावयाचे असते. मलावष्टंभासाठी अग्निबल पाहून कोमट दुधातून तूप, भिजविलेल्या काळ्या मनुका, पातळ उष्ण आहार. कासासाठी वेळीच सौम्य उपचार. गर्भिणीच्या छर्दीसाठी साळीच्या लाह्यांचे पाणी, थोडे थोडे व वारंवार अन्न, हे सर्व आपल्या हातचे आहे. गर्भिणी ही काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्रासारखी हिंदकळू न देता सांभाळावी, ही चरकाचार्यांची उपमा येथे अक्षरशः लागू पडते. मधुर, मृदू, सुखकर अशा उपचारांनी आपण तिचे बल राखू शकतो. मात्र हे सर्व तज्ज्ञाच्या चिकित्सेसोबत, तिच्या ऐवजी नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

पुष्कळदा रुग्णा स्वतः येत नाही. तिचा पती किंवा सासू दुकानाच्या फळीशी येऊन "डोक्याची गोळी द्या" म्हणते. अशा वेळी "कोणासाठी?" एवढे तरी विचारावे. उत्तर गर्भिणी किंवा बाळंतीण असे आले, तर चिठ्ठीवाचून काहीही देऊ नये. अर्धशिशीसाठी विकल्या जाणाऱ्या अर्गोटामाइनयुक्त गोळ्या गर्भावस्थेत सर्वथा वर्ज्य आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर गर्भास बाधक ठरू शकतात. आयुर्वेदीय औषधे म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नाही. शिरःशूलादिवज्र रसात पारद-गंधक आहेत, नारदीय लक्ष्मीविलास रसात धत्तूरबीज आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील परिशिष्ट ई-१ मध्ये अशा विषारी द्रव्यांची यादी असून, ती पोटात घ्यावयाच्या औषधात असल्यास वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या विक्रेत्यासाठीही आहे, असे आम्ही मानतो.

पाठवणीची चिठ्ठी

रुग्णा पाठविताना "डोके दुखते, पाहावे" एवढेच लिहू नये. गर्भाचा महिना किंवा प्रसूतीचा दिनांक. कमरेत भूल दिली होती काय व केव्हा. शूल कधी सुरू झाला. उठल्यावर किती मिनिटांत वाढतो व निजल्यावर किती मिनिटांत शमतो. रक्तदाब, नाडी, ज्वर. दृष्टी व श्रवणातील बदल. आणि आपण दिलेली सर्व औषधे, असा सात बाबींचा मजकूर अर्ध्या पानात मावतो. शक्य तर ज्या रुग्णालयात प्रसूती झाली तेथील भूलतज्ज्ञांशीच दूरध्वनीवरून बोलावे. अशा चिठ्ठीमुळे रुग्णेचा एक दिवस वाचतो, आणि ती लिहिणाऱ्या वैद्याविषयी वाचणाऱ्याच्या मनात आदरही निर्माण होतो.

सूतिकेचे विकार कष्टसाध्य असतात, हे आपल्या आचार्यांनी बजावून ठेवले आहे, कारण प्रसवाने तिचे सर्व धातू शिथिल झालेले असतात. तिला शब्दांत सांगता येत नाही ते तिच्या उठण्या-निजण्यातून कळते. खाटेवर पडून असलेली बाळंतीण आळशी नाही. बाळाला घेण्यासाठी ती उठू पाहते आणि कपाळ धरून पुन्हा आडवी होते. घरच्यांना हे आधी दिसते, परंतु त्याचा अर्थ सांगणारा वैद्य असावा लागतो. आपल्या शाखासभांतून या विषयाची चर्चा व्हावी, आणि प्रत्येक सभासदाच्या मेजावर रक्तदाबमापक यंत्राशेजारी हा एक प्रश्नही सदैव असावा, अशी आमची समस्त वैद्यवर्गास व औषधविक्रेत्यांस नम्र विनंती आहे.